रेसिंग मोटारसायकलवरचा नंबर: जागा, मापं, रंग आणि चिकटवण्याची रीत

ताशी १५० किमीने जाणारी गाडी सेकंदाला जवळपास ४२ मीटर कापते. बोर्ड रंगवणाऱ्यांचा एक ठोकताळा आहे: अक्षराच्या दर २५ मिमी उंचीमागे साधारण ३ मीटरवरून ते आरामात वाचता येतं. त्या हिशेबाने १६० मिमी उंचीचा अंक १९-२० मीटरवरून सहज वाचता यायला हवा. डोळे ताणले तर त्याहून बराच लांबून दिसतो, पण सहज वाचता येण्याच्या त्या टप्प्यात गाडी अर्धा सेकंदसुद्धा नसते. नंबराबद्दलचे सगळे नियम या अर्ध्या सेकंदासाठी लिहिलेले आहेत, हे ध्यानात ठेवलं की ते पाठ करावे लागत नाहीत.

लॅप टाइम गाडीवरचं ट्रान्सपाँडर नावाचं छोटं यंत्र मोजतं, मग नंबर कशाला, असं नव्या रायडरना वाटतं. पण गाडीतून तेल गळतंय हे ट्रान्सपाँडरला कळत नाही, ते मार्शलला, म्हणजे ट्रॅकच्या कडेला उभ्या अधिकाऱ्याला, दिसतं. मग नारिंगी गोलाचा काळा झेंडा निघतो आणि त्यासोबत काळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरात त्या गाडीचा नंबर. ज्याचा नंबर दिसेल त्याने लगेच ट्रॅक सोडायचा. आता मार्शलने ३८ चा ३३ वाचला तर? धडधाकट गाडी बाहेर येते आणि तेल सांडणारी पुढच्या वळणावर जाते. स्क्रूटिनीत, म्हणजे शर्यतीआधीच्या गाडीच्या तपासणीत, नंबरावरून जी कटकट होते ती याच्यासाठी.

आधी कोणता नियम लागू ते पाहा

रोड रेसिंगचा मूळ साचा एफआयएमचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय मोटारसायकल महासंघाचा. मोटोजीपी आणि वर्ल्ड सुपरबाइकचे नियम त्याच साच्यातले. भारतात एफएमएससीआय ही राष्ट्रीय संस्था, आणि तिच्या खाली प्रत्येक स्पर्धेची स्वतःची सप्लिमेंटरी रेग्युलेशन्स, ज्यांना सगळे नुसतं ‘एसआर’ म्हणतात. तुमच्या गाडीला शेवटचा शब्द एसआरचा. त्यात बॅकग्राउंडचा रंग, अंकाचा रंग, आयोजकाच्या स्टिकरची जागा आणि मापं दिलेली असतात. खाली दिलेली मापं एफआयएमच्या साच्यातली आहेत. एसआरमध्ये वेगळा आकडा असेल तर तो पाळायचा. एसआर नुसतंच ‘स्पष्ट वाचता येईल असा नंबर’ म्हणून गप्प बसलं असेल तर ही मापं घेऊन निर्धास्त जा.

वन-मेक (सगळ्यांना एकाच मॉडेलची गाडी) स्पर्धांमध्ये गाडी आयोजकाची, ग्राफिक्सही त्याचेच, त्यामुळे तिथे तुम्हाला फार काही करायचं नसतं. स्वतःची गाडी घेऊन चेन्नईजवळच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटला किंवा कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवेला जाणाऱ्यांसाठी हा सगळा खटाटोप आहे. पुण्या-नाशकाहून गाडी टेम्पोत टाकून एवढ्या लांब गेल्यावर शुक्रवारी संध्याकाळी नंबर पुन्हा कापून घ्यायला दुकान शोधणं परवडत नाही.

नंबर आयोजकाकडून लेखी पक्का झाल्याशिवाय व्हायनल (स्टिकरचं प्लास्टिक) कापू नका. फॉर्मवर तुम्ही मागितलेला नंबर ही मागणी असते, वाटप नसतं. निवडायची मुभा असेल तर दोन अंकी घ्या. तीन अंकी नंबर छोट्या गाडीच्या नाकावर मापात बसता बसत नाही, गणित पुढे येईलच. आणि ३, ६, ८ यांच्या जोड्या शक्यतो टाळा. ३८, ६८, ८६ हे वेगात एकमेकांसारखे दिसतात. ४७, ७४, २७ असे मोकळे, कोनदार अंक लांबून ओळखू येतात.

नंबर कुठे लागतो

तीन जागा. पुढे एक, बाजूंना एकेक.

पुढचा नंबर फेअरिंगच्या, म्हणजे गाडीवरच्या आवरणाच्या, नाकावर, मधोमध किंवा थोडा एका बाजूला. हवा आत घेण्याचं तोंड मधोमध असलेल्या गाड्यांमध्ये बाजूला सरकवावाच लागतो, आणि नियम तेवढी सूट देतो. नंबर तोंडाच्या भोकावरून जाऊन मधेच तुटलेला मात्र चालत नाही. विंडस्क्रीनच्या पारदर्शक भागावर अर्धा चढलेला नंबरही नको, कारण मागे रायडरचं हेल्मेट आलं की बॅकग्राउंडचा रंगच बदलतो.

बाजूच्या नंबराची पसंतीची जागा म्हणजे मुख्य फेअरिंगचा खालचा, मागच्या अंगाचा भाग. पूर्वी टेलच्या, म्हणजे सीटमागच्या शेपटाच्या, बाजूंना नंबर असत. आताच्या गाड्यांची टेल इतकी निमुळती झाली आहे की तिथे मापाचा अंक मावत नाही, आणि वरच्या भागावर लावला तर रायडरचा गुडघा आणि पोटरी आड येते. काही नियमावल्यांत दोन बाजूंऐवजी टेलच्या वरच्या पृष्ठभागावर आडवा एकच नंबर लावायचा पर्याय असतो. त्यात अंकाचं डोकं रायडरकडे ठेवायचं, म्हणजे मागून पाहणाऱ्याला तो सुलटा दिसतो. हे उलटं लावणारे दर हंगामात भेटतात.

एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी. गाडी वळणात झुकते तेव्हा तिची बाहेरची बाजू आकाशाकडे वळते, आणि वळणाच्या बाहेरच्या अंगाला उभा असलेला मार्शल नेमकी तीच बाजू पाहत असतो. चकचकीत व्हायनलवर त्या क्षणी आकाशाचा पांढरा पट्टा उमटतो आणि अंक धुऊन जातो. एफआयएमच्या तांत्रिक नियमांत अंक आणि बॅकग्राउंड मॅट हवेत असं पूर्वापार लिहिलं आहे, ते याच कारणाने.

मापं

पुढच्या अंकाची किमान उंची काही नियमावल्यांत १४० मिमी, काहींत १६०. तुम्ही १६० धरा, म्हणजे दोन्हीकडे चालेल. रुंदी ८० मिमी, रेघेची जाडी २५ मिमी, दोन अंकांमधली फट किमान १० मिमी. बाजूच्या अंकांना १२० मिमी उंची आणि २५ मिमी जाडी पुरते. बॅकग्राउंड एकरंगी हवं, आणि नंबराच्या चहूबाजूंनी २५ मिमी जागा पूर्ण मोकळी. त्यात जाहिरात, पट्टा, सही, काहीही नाही.

किमान माप घेतलं की काम झालं असं नाही. बाजूचा अंक १२० × ६० मिमी, जाडी २५ घेऊन पाहा: आठाच्या पोटातली पोकळी रुंदीला ६० वजा ५०, म्हणजे फक्त १० मिमी उरते. गाडी हलत असताना ती पोकळी भरून जाते आणि ८ चा काळा ठोकळा होतो. म्हणून बाजूला १३० × ७५ घ्या. आता पोकळी २५ मिमी रुंद आणि साडेसत्तावीस मिमी उंच, म्हणजे रेघेएवढीच. वाचनासाठी हे प्रमाण चांगलं. जाडी ३५-४० करून ‘दणकट’ दिसणारा नंबर करण्याचा मोह होतो. त्यात नेमकी ही पोकळीच मरते.

१ या अंकाला रुंदीची सूट असते, तो २५ मिमीचा नुसता उभा दांडा चालतो. पण ११ नंबर असेल तर १० मिमीच्या फटीने दोन दांडे लावू नका. लांबून ती फेअरिंगवरची डिझाइनची पट्टी वाटते. तिथे फट २५-३० मिमी ठेवा.

आता बॅकग्राउंड. पुढे दोन अंक ८० चे, मधे फट १५, दोन्ही कडांना २५-२५: एकूण २२५ मिमी रुंद. उंची १६० अधिक ५०, म्हणजे २१०. तीन अंकी नंबराला हीच रुंदी ३२० मिमी होते. तीनशे-चारशे सीसीच्या गाडीच्या नाकावर ३२० मिमी सलग जागा शोधून दाखवा! मग लोक अंक दाबतात, फट खातात, आणि स्क्रूटिनीत अडकतात. बाजूला १३० × ७५ चे दोन अंक, फट १२: बॅकग्राउंड सुमारे २१५ × १८०.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते नाकाच्या उताराकडे. पृष्ठभाग उभ्या रेषेपासून ३० अंश मागे झुकलेला असेल तर १६० मिमीचा अंक समोरून सुमारे १३९ मिमीचा दिसतो. ४५ अंश असेल तर फक्त ११३. सुट्या नंबर प्लेटसाठी एफआयएमने मागे झुकण्याची मर्यादा ३० अंश ठेवली आहे, ती उगाच नव्हे. नाक ४५ अंशाचं असेल आणि समोरून १४० मिमी दिसायला हवे असतील, तर पृष्ठभागावर अंक जवळपास २०० मिमी उंच कापावा लागतो. रुंदी मात्र तीच ठेवा. जवळून असा अंक लांबुडका, विचित्र दिसतो. समोरून सरळ दिसतो, आणि पाहायचा आहे तो समोरूनच.

वळण, रंग, कड

अंक साधे, सरळ, इंग्रजी वळणाचे. एक म्हणजे नुसती उभी रेघ, सात म्हणजे आडवी मधली रेघ नसलेला सात. मराठी अंकांची हौस इथे भागत नाही. देवनागरी एक ट्रॅकवर सरळ इंग्रजी नऊ म्हणून वाचला जाईल. रस्त्यावरच्या ४१४१ चा ‘दादा’ करणारी कलाकुसरही घरीच ठेवायची.

फ्युचुरा हेवी, युनिव्हर्स बोल्ड, फ्रँकलिन गॉथिक या जातीचं वळण घ्या. संगणकावर कुठलाही ठळक फाँट उंचीला ताणला की आडव्या रेघा जाड आणि उभ्या तशाच राहतात, रुंदीला दाबला की उभ्या बारीक होतात. म्हणून जाडी मोजायची ती सर्वांत बारीक जागी. तिरपे अंक १० अंशांपर्यंत ठीक; त्यापुढे ७ आणि १ एकमेकांत मिसळू लागतात. अंक एकमेकांवर चढलेले चालत नाहीत. सावली आणि त्रिमिती परिणाम यांच्या वाटेला जाऊ नका. मोटोजीपीतल्या गाड्यांवर खास वळणाचे नंबर दिसतात, पण त्यांचे नमुने आधी मंजूर करून घेतलेले असतात आणि त्यांच्यावर डझनभर कॅमेरे असतात. सुवाच्यतेवरून वाद झाला तर तांत्रिक अधिकाऱ्याचा निर्णय अंतिम, आणि तो तुमच्या डिझायनरशी चर्चा करत बसत नाही.

अंकाला बाहेरून कड द्यायची असेल तर ३ मिमीपेक्षा जाड नको, तिचा रंग विरोधी हवा, आणि कडेच्या बाहेरही बॅकग्राउंडचा रंग स्पष्ट दिसायला हवा. अंकाची मापं कड सोडून धरा, म्हणजे वाद नको. आरशासारखे किंवा प्रकाश परतवणारे अंक बाद.

रंग एसआर ठरवतं. जुन्या एफआयएम पद्धतीत रंगावरून वर्ग कळायचा: ५०० सीसीला पिवळ्यावर काळा, ३५० ला निळ्यावर पांढरा, २५० ला हिरव्यावर पांढरा, १२५ ला काळ्यावर पांढरा. जुन्या गाड्या सजवणाऱ्यांनी आजही तीच पाळावी. रंग मोकळे सोडले असतील तर पांढऱ्यावर काळा किंवा पिवळ्यावर काळा, विचार करण्यात वेळ घालवू नका. लालवर काळा आणि निळ्यावर काळा कागदावर भडक दिसतात, लांबून दोन्ही काळेच. तपासायची सोपी युक्ती: गाडी उन्हात उभी करा, २५ पावलांवरून मोबाइलने फोटो काढा आणि तो कृष्णधवल करून पाहा. करड्यावर करडा दिसला तर रंग बदला. मग गाडी ढकलत नेऊन आणखी एक फोटो घ्या, थोडा हललेला. त्यात नंबर वाचता आला तर मार्शललाही येईल.

रेडियमच्या दुकानात काय सांगायचं

आपल्याकडे स्टिकर कापणाऱ्याला सरसकट रेडियमवाला म्हणतात आणि ‘नंबर टाकून द्या’ म्हटलं की तो सवयीने चमकणारं रेडियमच काढतो. रस्त्यावर तेच हवं असतं. रेससाठी तेच नियमबाह्य. म्हणून पहिलं वाक्य: रेडियम नको, साधं मॅट व्हायनल.

व्हायनल दोन जातींचं. कॅलेंडर्ड स्वस्त, ८० ते १०० मायक्रॉन जाड, सपाट बोर्डासाठी ठीक. वळणावर ताणून बसवलं की उन्हात आक्रसून मूळ आकाराला यायला बघतं आणि कडा उचलते. कास्ट महाग, साधारण ५० मायक्रॉनचं, गोलाईवर बसतं आणि बसलेलं राहतं. नाकासाठी बॅकग्राउंड कास्टचंच घ्या. बाजू बऱ्यापैकी सपाट असतात, तिथे चांगलं कॅलेंडर्ड चालून जातं.

बहुतेक दुकानांत दोन फुटी, म्हणजे ६१० मिमीचा रोल असतो. वरच्या मापांचे तीन तुकडे, बाजूचे दोन्ही उभे फिरवून, २२५ अधिक १८० अधिक १८० असे ५८५ मिमीत शेजारी-शेजारी बसतात आणि रोलची लांबी जेमतेम २२ सेंमी जाते. तीन संचांना वाया जाणं धरून एक मीटर पांढरं पुरतं. सहाही अंक एका ओळीत बसतात. तीन संचांना ६०-७० सेंमी काळं घ्या. एकाच संचाचे पैसे वाचवण्यात अर्थ नाही, दोन जादा संच लागणारच आहेत.

बॅकग्राउंडचे कोपरे १५ ते २० मिमी त्रिज्येने गोल करून मागा. टोकदार कोपरा सगळ्यांत आधी उचलतो. अंक प्लॉटरवर कापल्यावर ट्रान्सफर टेपवर (अंक एकत्र धरून जागेवर नेणारी चिकटपट्टी) घेऊनच आणा, सुटे आणून हाताने जुळवत बसू नका. बॅकग्राउंड आणि अंक एकत्र छापून वर मॅट लॅमिनेशन मारलेला एकसंध स्टिकर अधिक टिकतो, पण नंबर बदलला तर सगळा जातो. प्रत्येक स्पर्धेला नंबर वेगळा मिळत असेल तर दोन थर परवडतात.

चिकटवणं

आधी पृष्ठभाग. कंपनीच्या एबीएस प्लास्टिकच्या पॅनलवर पॉलिश आणि सिलिकॉनचा थर असतो, फायबरच्या नव्या रेस फेअरिंगवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेलं मेण. त्या मेणावर काहीही टिकत नाही, ना रंग ना व्हायनल. फायबर ४०० आणि मग ६०० च्या पाणकागदाने घासा, प्रायमर आणि रंग द्या, आणि रंग सुकल्यावर निदान आठवडाभर थांबा. वरून कोरडा लागणारा ताजा रंग आतून वाफ सोडत असतो. घाईने व्हायनल लावलं तर दुसऱ्या दिवशी उन्हात फुगे येतात, आणि ते टाचणीने फोडले तरी पुन्हा येतात.

जागा ठरवताना पॅनल गाडीवर हवेत आणि गाडी पुढच्या-मागच्या दोन्ही पॅडॉक स्टँडवर सरळ उभी. साइड स्टँडवर झुकलेल्या गाडीवर घेतलेली खूण हमखास तिरपी येते. वर्तमानपत्राचा कागद बॅकग्राउंडच्या मापाने कापून मास्किंग टेपने लावून पाहा. एकाने गाडीवर रेसच्या बैठकीत, पूर्ण खाली वाकून बसायचं, दुसऱ्याने समोरून आणि दोन्ही बाजूंनी पाहायचं. गुडघा, बूट, हँडल, ब्रेकची होज काही आड येतंय का? नंबर जमिनीला समांतर ठेवा. फेअरिंगची रेघ वर चढत गेलेली असते, तिच्या नादी लागून अंक चढवू नका. पॅनलचा जोड आणि क्विक-टर्नची (पाव फेरीत सुटणाऱ्या स्क्रूंची) भोकं नंबराच्या बाहेर राहतील असं बघा. मग मास्किंग टेपने मधली उभी रेघ आणि खालची आडवी रेघ पक्की करून पॅनल उतरवा. टेपच्या खुणा तशाच राहू द्या.

पॅनल सावलीत न्या. २० ते ३० अंश तापमान उत्तम. उन्हात तापलेल्या पॅनलवर गोंद टेकताक्षणी पकडतो आणि सरकवायची सोय राहत नाही. प्लास्टिक साबणाच्या पाण्याने धुवा, कोरडं करा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा पुसा: एका स्वच्छ फडक्याने लावायचं, सुकायच्या आत दुसऱ्याने टिपायचं. त्यानंतर बोट लावायचं नाही.

नवशिक्याने बॅकग्राउंड ओल्या पद्धतीने लावावं. एक लिटर पाण्यात बेबी शांपूचे दोन-तीन थेंब, बस. जास्त टाकले तर गोंद धुऊन निघतो. पॅनलवर आणि गोंदाच्या बाजूवर फवारा, तुकडा ठेवा, खुणांशी जुळवा, आणि फेल्ट लावलेल्या स्क्वीजीने (सपाट प्लास्टिकच्या पट्टीने) मधून बाहेर पाणी काढा. नाकाच्या गोलाईवर सुरकुती आली तर दाबून बसवू नका. उचला, हीट गन हलती ठेवून कोमट करा, हलकं ताणा, पुन्हा बसवा. शेवटी ताणलेल्या कडा थोड्या जास्त गरम करून अंगठ्याने दाबा, म्हणजे व्हायनल त्या आकाराला ‘बसतं’. हीट गन एका जागी धरली तर एबीएस वितळून खड्डा पडतो, तेव्हा हात सतत हलता हवा.

बॅकग्राउंड निदान काही तास सुकू द्या, मग अंक कोरडे लावा. ट्रान्सफर टेपच्या मधोमध आडव्या मास्किंग टेपची पट्टी मारून बिजागरी करा. वरचा अर्धा उचला, पाठीचा कागद अर्ध्यापर्यंत काढून कापा, स्क्वीजीने खालून वर बसवा, मग पट्टी काढून खालचा अर्धा तसाच. ट्रान्सफर टेप स्वतःवरच दुमडून, पॅनलला जवळजवळ टेकवत ओढा. सरळ बाहेर ओढली तर अंक सोबत येतो.

एकाहून जास्त तुकडे एकमेकांवर येत असतील तर पुढचा तुकडा मागच्यावर चढला पाहिजे, कौलांसारखा; उलटं झालं तर वारा कडेत शिरतो. सगळं झाल्यावर चोवीस तास पाणी आणि पेट्रोल दोन्ही लांब ठेवा. म्हणजेच हे काम निघायच्या आदल्या रात्री करायचं नाही.

एक्झॉस्ट ज्या बाजूने जातो तिथे खालच्या फेअरिंगवर आतून अॅल्युमिनियम फॉइलची उष्णतारोधक टेप मारा, नाहीतर तिथलंच व्हायनल सगळ्यांत आधी पिवळं पडून आक्रसतं. आणि बेली पॅनमधलं, म्हणजे इंजिनखालच्या फेअरिंगच्या तळातलं, पाणी जाण्याचं २५ मिमीचं भोक व्हायनलखाली बुजवू नका. ते कोरड्यात बंद आणि पावसात उघडं ठेवायचं असतं, ते रबरी बुचाने, स्टिकरने नव्हे.

स्क्रूटिनीत कुठे अडतं

सर्वाधिक वेळा २५ मिमीच्या मोकळ्या जागेत घुसलेल्या प्रायोजकाच्या लोगोमुळे. कारण उघड आहे: आधी लोगो लावले जातात, नंबर उरलेल्या जागेत. क्रम उलटा करा. पॅनलवर पहिली जागा नंबराची, मग आयोजकाच्या सक्तीच्या स्टिकरची, उरेल ती प्रायोजकाची, आणि प्रायोजकाला ते आधीच सांगून ठेवा.

दुसरं कारण जुना नंबर. ट्रॅक-डेचा टेलवर राहिलेला स्टिकर, आधीच्या मालकाचा नंबर पुसट दिसणारं पॅनल, रस्त्याची नोंदणी पाटी. नंबराशी गल्लत होईल अशी प्रत्येक खूण काढायची असते. पांढऱ्या बॅकग्राउंडखालून जुना काळा अंक झिरपून दिसत असेल तर खालचा काढल्याशिवाय पर्याय नाही.

तिसरं, हेडलाइटवर टेप मारून त्यावर लावलेला नंबर. रस्त्याच्या गाडीवर हे सर्रास दिसतं. काचेची गोलाई, खाली टेपचे थर, वर व्हायनल. सरावाच्या दुसऱ्या फेरीत सगळं एकत्र सुटतं. हेडलाइट काढता येत असेल तर काढा आणि त्या जागी फायबरचं किंवा जाड प्लास्टिक शीटचं आवरण बसवा.

फेअरिंग नसलेली गाडी आणि मातीतली गाडी

नेकेड गाडीला सुट्या प्लेट लागतात. एफआयएमच्या जुन्या मापात आयताकृती प्लेट किमान २८५ × २३५ मिमी, कडक साहित्याची, आणि वक्र असलीच तर सपाट प्रतलापासून ५० मिमीपेक्षा जास्त नाही. २ ते ३ मिमीचं पॉलिप्रॉपिलीन किंवा एबीएस शीट चांगलं. पत्रा नको, पडल्यावर त्याची कड कापते. कोपरे गोल करा आणि निदान तीन जागी आवळा. दोनच स्क्रू असतील तर वाऱ्याने प्लेट थरथरते आणि थरथरणारा अंक वाचता येत नाही. ऑइल कूलर किंवा रेडिएटरला हवा मिळावी म्हणून अंकांच्या मधल्या जागेत भोकं पाडायला हरकत नसते, अंकावर मात्र एकही नको.

मातीतल्या स्पर्धांचं महाराष्ट्रात चांगलं वेड आहे. इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात बालेवाडीला झाली होती. तिथल्या गाड्यांची प्लास्टिकं पॉलिप्रॉपिलीनची, ज्यावर साधा गोंद धरतच नाही. जास्त पकडीचा गोंद असलेले, लॅमिनेशनसह अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचे मोटोक्रॉस ग्राफिक्स घ्यावे लागतात. नंबराचा खरा शत्रू चिखल. प्रत्येक फेरीआधी प्लेटवर सिलिकॉन स्प्रे मारला तर चिखल घसरतो. पण तो स्प्रे सीट, ग्रिप आणि ब्रेक डिस्क यांच्या आसपास उडू देऊ नका. अमेरिकेतल्या व्यावसायिक मालिकांत ४५० च्या वर्गाला पांढऱ्यावर काळा आणि २५० ला काळ्यावर पांढरा असतो, आणि गुणतालिकेत पहिला असलेल्याला लाल प्लेट. म्हणून नुसती हौस म्हणून लाल बॅकग्राउंड करू नका. तिचा अर्थ ठरलेला आहे.

पेटीत काय असावं

पडल्यावर पॅनल बदललं आणि नव्या पॅनलवर नंबर नाही म्हणून गाडी ग्रिडवर, म्हणजे सुरुवातीच्या रांगेत, जाऊ दिली नाही, असं होतं. मार्करने काढलेला नंबर कोणी मान्य करत नाही. जादा पॅनल असतील तर त्यांच्यावर नंबर घरूनच लावून न्या. नसतील तर दोन पूर्ण संच ट्रान्सफर टेपसह, दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवून. गुंडाळी केली की उन्हात तापलेल्या टेम्पोत टेप आणि व्हायनल एकजीव होतात. सोबत अल्कोहोलची छोटी बाटली, चार स्वच्छ फडकी, स्क्वीजी, कटर आणि जादा पाती, मास्किंग टेप, ३०० मिमीची स्टीलची पट्टी. पट्टी स्क्रूटिनीला जाताना खिशातच असू द्या. अधिकाऱ्याने माप विचारलं तर मोजून दाखवता येतं.

पाऊस असेल तर केस वाळवायचा ड्रायरही घ्या. ओल्या पॅनलवर काहीच चिकटत नाही, आणि पिटमध्ये हीट गन चालवायला पेट्रोलच्या वाफांमुळे बहुतेक ठिकाणी बंदी असते; ड्रायरही पेट्रोलच्या कॅनपासून लांबच लावा.

एसआरची छापील प्रत पेटीच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवा, नंबराच्या पानावर खूण करून.